सेकंड लाइफ: नऊवारीतली चाल, मांडी आणि गरब्याचा फेर, एओ नीट कसा बसवायचा?

मांडवीची_मैना

नमस्कार मंडळी. सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगात आम्ही बडोद्याच्या मांडवीसारखा एक चौक उभा करतोय. कमानी, दुकानांच्या ओळी, मधलं पटांगण, सगळं झालंय. नवरात्रात तिथे आरती आणि मग गरबा ठेवायचा विचार आहे. आरतीला बायका नऊवारीत, गरब्याला चणियाचोळीत. अडलंय ते अवतारांच्या हालचालींपाशी.

१) मूळ बदकचाल नको म्हणून एका दुकानातून हडवाला (स्क्रीनवर अडकवायच्या पॅनेलचा) एओ, म्हणजे अवताराच्या मूळ हालचाली बदलणारा ॲनिमेशन ओव्हरराइडर, घेतला. फायरस्टॉर्म या व्ह्यूअरमधला (सेकंड लाइफ ज्यातून दिसतं त्या सॉफ्टवेअरमधला) एओसुद्धा चालू आहे. आता अवतार उभा असताना दर थोड्या वेळाने दचकल्यासारखा पोझ बदलतो.
२) चालताना पाय जमिनीवरून घसरतात आणि नऊवारीचं कापड गुडघ्यापाशी फाटून आतला पाय दिसतो.
३) आरतीनंतर जमिनीवर मांडी घालून बसलं की अर्धी मांडी फरशीत जाते.
४) ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बे ताळीची (दोन टाळ्यांच्या गरब्याची) एक स्टेप केली आहे. ती पुढे सरकते आणि लूप संपला की अवतार टुणकन मूळ जागी येतो. बारा जणींनी एका फेरात, एका ठेक्यात फिरायला काय करायचं?

मेश बॉडी बेंटोवाली (बोटांनाही हाडं असलेली) आहे. कोणी टप्प्याटप्प्याने सांगेल का?

---

रावपुरा_रेंडर

ताई, पहिला प्रश्न सगळ्यात सोपा आहे, पण त्यामागचं कारण कळलं की बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून जरा खोलात जातो.

अवतार काय करतोय याच्या अवस्था सर्व्हर ठरवतो: उभं राहणं, चालणं, धावणं, उडी, उडणं, घिरट्या, उतरणं, डावी-उजवी वळणं, जमिनीवर बसणं, वस्तूवर बसणं वगैरे. प्रत्येक अवस्थेला एक मूळ ॲनिमेशन जोडलेलं असतं. एओ एवढंच करतो की त्या अवस्थेत मूळच्या जागी तुमचं ॲनिमेशन वाजवतो. दोन एओ चालू असले की दोघांनाही "आता उभी आहे" हे कळतं आणि दोघंही आपापलं वाजवतात. एकाचं चक्र २० सेकंदांचं, दुसऱ्याचं ३०चं, म्हणून तो दचका. एक बंद करा. हडचा बंद करायचा असेल तर नुसतं बटण दाबून थांबू नका, हड अंगावरून काढा. मग अवतार मेनूतल्या अवतार हेल्थमध्ये जाऊन ॲनिमेशन थांबवून परवानग्या काढून घेण्याचा पर्याय आहे, तो एकदा वापरा. नाहीतर जुन्या हडने सुरू केलेलं ॲनिमेशन मागे अडकून राहतं आणि दोष नव्या एओवर येतो.

आता प्रायॉरिटी. एकाच वेळी अनेक ॲनिमेशनं वाजू शकतात आणि निकाल अवताराच्या सांगाड्यातल्या हाडागणिक लागतो. उजव्या कोपरासाठी ज्या ॲनिमेशनची प्रायॉरिटी जास्त, त्याचं कोपर ऐकतं. दोघांची सारखी असेल तर जे नंतर सुरू झालं ते जिंकतं. अपलोडच्या खिडकीत ० ते ४ निवडता येते. ५ आणि ६ फक्त .ॲनिम प्रकारच्या फाइलमधून येतात.

तुमच्या आरतीचं उदाहरण घ्या. हातात तबक धरायचंय. त्यासाठी फक्त उजव्या हाताची हाडं असलेलं एक छोटं ॲनिमेशन प्रायॉरिटी ४ ला करा आणि तबकातल्या स्क्रिप्टने ते वाजवा. एओचे उभे पोझ ३ ला असले तर पाय, कंबर, डावा हात एओचा आणि उजवा हात तबकाचा, असं छान मिसळतं. पण बाजारातले पुष्कळ एओ उभे पोझसुद्धा ४ ला देतात. मग पोझ बदलला की हात खाली जातो आणि तबक हवेत तिरकं लोंबतं. विकत घेताना डेमोत हेच तपासा. प्रायॉरिटी जास्त म्हणजे एओ चांगला, असं अजिबात नाही. माझ्या मते उभ्या पोझला २ किंवा ३ पुरे.

फायरस्टॉर्मच्या एओत संच असा बनतो: टूलबारवरच्या एओ बटणातून मोठी खिडकी उघडा, अधिकच्या चिन्हाने नवा संच करून नाव द्या, वरच्या यादीतून अवस्था निवडा आणि इन्व्हेंटरीतून ॲनिमेशन ओढून त्यात टाका. उभं राहण्यासाठी चार-सहा टाकून सायकल आणि रँडमाइज लावा. सायकलचे सेकंद पोझच्या लांबीपेक्षा कमी ठेवले तर पोझ मधेच तुटतो. पोझ २५ सेकंदांचा असेल तर ३० किंवा जास्त ठेवा. वळणाच्या दोन्ही अवस्था सरळ रिकाम्या सोडा. लांब वळण-ॲनिमेशन टाकलं की बाणाची कळ नुसती टेकवली तरी अवतार गिरकी घेतल्यासारखा वाटतो.

संचात मूळ फाइली नसतात, त्यांचे दुवे असतात. पसारा आवरताना मूळ ॲनिमेशन पुसलं की संचाला भोक पडलंच.

---

काष्टा_आणि_कोड

दुसऱ्या प्रश्नाचं मूळ वेगात आहे.

सेकंड लाइफमध्ये चालण्याचा वेग साधारण ३.२ मीटर प्रति सेकंद आहे, धावण्याचा ५.१ च्या आसपास. खरा माणूस आरामात चालतो तो साधारण १.४ ने. म्हणजे इथलं "चालणं" ताशी साडेअकरा किलोमीटर, चक्क जॉगिंग. त्यात ॲनिमेशन अवताराला पुढे नेत नाही. पुढे नेतो सर्व्हर, ॲनिमेशन फक्त जागच्या जागी पाय हलवतं. या दोघांचं गणित जमलं नाही की पाय घसरतात. मूळ चालीला व्ह्यूअर थोडंफार सावरून घेतो, वेगाप्रमाणे पावलं कमी-जास्त करतो. तुम्ही टाकलेल्या ॲनिमेशनला ती सोय नाही, ते ठरलेल्या गतीनेच चालतं.

हिशेब असा: एका लूपमध्ये दोन पावलं. लूप १ सेकंदाचा (३० फ्रेम) असेल तर तेवढ्यात अवतार ३.२ मीटर सरकतो, म्हणजे एक पाऊल १.६ मीटरचं. ही ढांग झाली. लूप २१ फ्रेमचा केला तर ०.७ सेकंदात २.२४ मीटर, पाऊल १.१२ मीटर. उंच अवताराला, पँट किंवा घागऱ्यात हे चालून जातं. नऊवारीत कापड फाटू नये म्हणून पाऊल ०.८ मीटरच्या आत ठेवायचं म्हटलं तर लूप अर्ध्या सेकंदाचा होतो, १५ फ्रेम. न घसरता बरोबर बसतं, पण बाई घाईघाईने रिक्षा पकडायला निघाल्यासारखी दिसते.

म्हणून तडजोड. १८ ते २० फ्रेमचा लूप, पाऊल साधारण ०.९ मीटर, आणि जी थोडी घसर उरेल ती चालू द्या. घसर नजरेत भरते ती टाच टेकलेली असताना. तेव्हा टाच टेकण्याचा काळ आखूड करा, लूपच्या निम्म्याहून कमी, आणि पाय उचलून पुढे नेण्याचा काळ त्या मानाने वाढवा. शिवाय कंबर दर पावलाला १–२ सेंटिमीटर खाली-वर होऊ द्या. कंबर एका पातळीत राहिली की अवतार चाकांवर चालल्यासारखा दिसतो, मग पाय कितीही अचूक असोत.

कापडाचं वेगळं. नऊवारीचं मेश मांडी आणि पोटरीच्या हाडांना बांधलेलं असतं. दोन्ही मांड्यांमधला कोन वाढला की मधलं कापड ताणलं जातं आणि गुडघा बाहेर येतो. हे ॲनिमेशनमधून पूर्ण सुटत नाही, पण मांडी पुढे २५ अंशांच्या आत आणि मागे १५च्या आत ठेवली, उरलेली लांबी गुडघ्यातून काढली, तर बरंच झाकलं जातं. मांड्या बाजूला फाकवणारी "ऐटबाज" चाल नऊवारीवर कधीच घालू नका. साडीसोबत अंगाचे भाग अदृश्य करायची (अल्फा) सोय असेल तर मांडीचा वरचा भाग लपवा.

चालण्याचा वेगच कमी करणाऱ्या स्क्रिप्ट मिळतात, त्या अवताराला मागे रेटून धरतात. एकट्याने फोटो काढायला ठीक. गर्दीत, सिम (सर्व्हरवरचा आपला प्रदेश) जड असताना, अवतार हिसके देत चालतो.

---

सूरसागर_काठ

रावपुरा दादांचं पटतं, पण फायरस्टॉर्मचा एओ सगळ्यांच्या गळ्यात मारू नका. तो त्या व्ह्यूअरमध्येच राहतो. पाहुणी दुसऱ्या व्ह्यूअरने किंवा मोबाइल ॲपवरून आली की तिची पुन्हा बदकचाल. कार्यक्रमात पंधरा-वीस जणांना सारखी चाल द्यायची असेल तर हडच सोयीचा: एकदा देऊन टाकला, त्यांनी घातला, संपलं.

जुने हड सारखं विचारत राहायचे की अवतार काय करतोय, सेकंदाला अनेकदा, आणि तो भार सिमवर पडायचा. आता एलएल-सेट-ॲनिमेशन-ओव्हरराइड हे फंक्शन आहे. स्क्रिप्ट एकदा परवानगी घेते, "वॉकिंगला हे, स्टँडिंगला ते" असं सर्व्हरला सांगते आणि गप्प बसते. मूळ ॲनिमेशन वाजतच नाही, त्यामुळे थांबताना-निघताना मूळ चालीची जी झलक दिसायची ती गेली. मर्यादा एकच: एका अवस्थेला एका वेळी एकच ॲनिमेशन. उभे पोझ आलटून-पालटून हवे असतील तर स्क्रिप्टला टायमर लावून दर ३०–४० सेकंदांनी फंक्शन पुन्हा बोलवावं लागतं. ॲनिमेशनची फाइल स्क्रिप्टच्याच प्रिममध्ये (वस्तूच्या मूळ ठोकळ्यात) हवी. हड काढताना "ऑल" देऊन रिसेट करायला विसरलेली स्क्रिप्ट ही नेहमीची तक्रार आहे: हड काढला तरी चाल तीच राहते आणि लोक व्ह्यूअर पुन्हा बसवत बसतात. री-लॉग केलं की जाते.

ज्यांच्याकडे जुना झाओ (एक जुनी एओ स्क्रिप्ट) पद्धतीचा हड आहे त्यांना त्याचं नोटकार्ड फायरस्टॉर्ममध्ये थेट आणता येतं. हड स्वतःच्या जमिनीवर रिज करा (इन्व्हेंटरीतून बाहेर मांडा), एडिट, मग कंटेंट्समधून ॲनिमेशनं आणि नोटकार्ड एकाच फोल्डरमध्ये कॉपी करा आणि नोटकार्ड एओच्या खिडकीवर ओढून टाका. ओळीची मांडणी अशी असते: चौकटी कंसात अवस्थेचं नाव, कंसाच्या आत दोन्हीकडे एकेक मोकळी जागा, कंस संपला की लगेच ॲनिमेशनचं नाव, आणि अनेक नावं असतील तर मध्ये उभी रेघ. नावाच्या शेवटी एखादी मोकळी जागा चुकून राहिली तरी "सापडत नाही" असा संदेश येतो आणि ती डोळ्यांना दिसत नाही. जुन्या स्क्रिप्टमध्ये आणखी एक खोडा: नोटकार्डची ओळ पूर्वी २५५ बाइटपर्यंतच वाचली जायची, आता १०२४ पर्यंत. लांब ओळ जिथे तुटते तिथलं नाव अर्धवट राहतं. म्हणून उभे पोझ दोन-तीन ओळींत वाटून लिहिण्याची पद्धत पडली.

परवानगी बघून घ्या. ॲनिमेशन नो-कॉपी असेल तर कंटेंट्समधून बाहेर काढताना ते हडमधून निघून जातं, दोन्हीकडे राहत नाही.

---

मांडवीची_मैना

मंडळी, हड काढला, फायरस्टॉर्मवर आणलं, दचका गेला. चाल १९ फ्रेमची करून बघतेय. काष्टा दादा, मांडीचा कोन कमी केल्यावर फरक लगेच दिसला.

मांडीचं आणि गरब्याचं राहिलं. स्टेप बीव्हीएचमध्ये (ॲनिमेशनच्या फाइलचा एक प्रकार) काढली आहे, प्रिव्ह्यूत हात नीट येतात पण डावा पाय ताठ राहतो. तो ब्लेंडरमध्ये थोडा वाकवून स्थिरच ठेवलाय. टाळीत बोटंही मुठीसारखी राहतात.

---

अलकापुरीचा_ॲनिमेटर

ताई, डावा पाय ताठ राहण्याचं कारण जवळजवळ नक्की पहिली फ्रेम आहे. बीव्हीएच अपलोड होताना पहिली फ्रेम संदर्भ म्हणून धरली जाते. तिच्याशी तुलना करून जी हाडं पुढे अजिबात बदलत नाहीत ती "या ॲनिमेशनमध्ये नाहीत" असं ठरवून वगळली जातात. तुमचा पाय पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत तसाच वाकलेला, म्हणून तो गळला आणि खालचं कुठलं तरी ॲनिमेशन पायावर दिसतंय. उपाय: फ्रेम १ वर पूर्ण टी-पोझ ठेवा, हात आडवे, पाय सरळ. खरी स्टेप फ्रेम २ पासून. ही गोष्ट उलट बाजूनेही कामाला येते. तबकाच्या ॲनिमेशनमध्ये फक्त उजवा हात हवा ना? बाकी सगळी हाडं टी-पोझमध्येच सोडून द्या, आपोआप वगळली जातील.

फ्रेमचा हिशेब ठेक्यावरून काढा. गरब्याचा हींच ताल सहा मात्रांचा. वेग मिनिटाला १२० मात्रा धरला तर एक मात्रा अर्धा सेकंद, ३० फ्रेमच्या दराने १५ फ्रेम. सहा मात्रांचं आवर्तन ९० फ्रेम, ३ सेकंद. म्हणजे फ्रेम १ टी-पोझ, पहिली मात्रा फ्रेम २ वर, पुढच्या १७, ३२, ४७, ६२, ७७ वर, आणि फ्रेम ९२ ही हुबेहूब फ्रेम २ सारखी. टाळी ज्या मात्रेवर, त्या फ्रेमवर तळवे टेकलेले हवेत. टेकायला निघालेले नकोत, कारण टाळीचा आवाज टेकण्याच्या क्षणाचा असतो.

लूपच्या जोडावर झटका दिसला की लोक अपलोड खिडकीतली लूप-इनची (लूप कुठून सुरू व्हावा त्याची) टक्केवारी पुढे-मागे करतात. एकट्याच्या पोझला चालेल. गरब्यात नाही. ३ सेकंदांचा १ टक्का म्हणजे ०.०३ सेकंद, आणि वीस आवर्तनांत स्टेप अर्ध्या सेकंदाहून जास्त, म्हणजे पुरी एक मात्रा पुढे निघून जाते. झटका ब्लेंडरमध्येच काढा, किंवा ॲव्हस्टार हे ब्लेंडरचं ॲड-ऑन वापरत असाल तर .ॲनिम फाइल काढा, त्यात लूपची सुरुवात-शेवट फ्रेमवर बांधता येते. ॲव्हस्टार विकतचं आहे, पण गरब्यासारख्या कामाला पैसे वसूल होतात.

ब्लेंडरच्या स्वतःच्या बीव्हीएच निर्यातीने जात असाल तर दोन गोष्टी. सेकंड लाइफ अंतर इंचात धरतं, म्हणून स्केल ३९.३७ द्या. नाहीतर कंबरेची हालचाल इतकी बारीक होते की गिरकीतली उडी दिसतच नाही. आणि हाडांची नावं सेकंड लाइफच्या ओळखीची हवीत: जुनी हिप, ॲब्डोमेन, चेस्टवाली पद्धत किंवा एम-पेल्विसवाली. मिक्सॅमो या तयार ॲनिमेशनांच्या साइटवरची हाडांची नावं तशीच ठेवून फाइल टाकली तर अपलोड खिडकी हाड ओळखत नाही म्हणून नकार देते.

बोटं. अपलोड खिडकीतली "हँड पोझ" ही जुन्या अवताराच्या हातांसाठी आहे, बेंटो हातांना ती लागू होत नाही. बेंटो डिसेंबर २०१६ मध्ये आलं तेव्हा बोटांना स्वतंत्र हाडं मिळाली, म्हणून बोटांची हाडं तुमच्या ॲनिमेशनमध्ये फ्रेम २ पासून हलवलेली हवीत. ती असूनही मूठ राहिली तर दोष बॉडीच्या हडचा: त्यात हाताची पोझ चालू असते आणि तिची प्रायॉरिटी बहुतेक वेळा वरची असते. गरब्यापुरती ती बंद करायला सांगा.

टाळीबद्दल अजून एक. ॲनिमेशनमध्ये हाडांचे कोन साठवलेले असतात, जागा नाही. तुमच्या शेपवर तळवे बरोबर टेकले तरी लांब हात आणि अरुंद खांद्यांच्या बाईचे तळवे एकमेकांतून आरपार जातील, रुंद खांद्यांच्या बाईचे बोटभर अलीकडेच थांबतील. सगळ्यांना जमेल असा कोन नाही. मधल्या शेपवर तळव्यांत एक-दीड सेंटिमीटर फट ठेवा आणि टाळीची फ्रेम एक-दोन फ्रेमपेक्षा जास्त रोखू नका. आरपार गेलेला हात स्थिर राहिला की दिसतो, वेगात दिसत नाही.

मांडीचंही तसंच. कंबर किती खाली जाणार हे फाइलमध्ये ठरलेलं असतं, पायांची लांबी मात्र प्रत्येकीची वेगळी. अवतारावर राइट-क्लिक करून हॉव्हर हाइट उघडा, उणे २ ते अधिक २ मीटरपर्यंत सरकवता येतं. मांडीला साधारण ५ ते १५ सेंटिमीटरचा बदल पुरतो. उठल्यावर परत शून्यावर आणा, नाहीतर चालताना पाय जमिनीपासून वर. हे वारंवार करायचं नसेल तर सतरंजी बसायची वस्तू म्हणून करा, तिच्यात बसण्याची उंची प्रत्येकीपुरती जुळवून ठेवता येते.

अपलोडला साध्या खात्यावर दर फाइलमागे १० लिंडन डॉलर लागतात. चाचण्या आदिती या बीटा ग्रिडवर करा, तिथले पैसे खेळातले.

---

सूरसागर_काठ

टुणकन मागे येण्याचं: ॲनिमेशन कंबरेला मूळ जागेपासून ५ मीटरपर्यंत नेऊ शकतं, पण ते नुसतं दिसणं आहे. सर्व्हरच्या लेखी अवतार तिथेच उभा. लूप संपला की कंबर परत सुरुवातीला. म्हणून स्टेपमधून पुढे सरकणं काढून टाका, जागच्या जागी करा, आणि फिरवण्याचं काम वस्तूला द्या.

रचना अशी. मध्ये एक मूळ प्रिम, हवा तर गरबो (दिव्याचा घट) ठेवा. भोवती ४ मीटर त्रिज्येवर बारा पारदर्शक प्रिम, सगळे मूळ प्रिमला जोडलेले, प्रत्येकात बसण्याची जागा. परिघ २५.१ मीटर, म्हणजे दोघींत जवळपास २.१ मीटर अंतर, गिरकीला पुरेसं. बसल्याबरोबर स्क्रिप्ट बसण्याचं ॲनिमेशन थांबवते आणि गरब्याची स्टेप सुरू करते. बसलेल्या अवताराला परवानगीची खिडकी दिसत नाही, परवानगी आपोआप मिळते. पण एक स्क्रिप्ट एका वेळी एकाच अवताराची परवानगी धरते, म्हणून बारा जागांना बारा छोट्या स्क्रिप्ट ठेवा आणि मूळ प्रिममधून सगळ्यांना एकदम "सुरू" असा लिंक-मेसेज पाठवा.

फिरवायला की-फ्रेम्ड मोशन (वस्तूला ठरलेल्या टप्प्यांनी हलवणारं फंक्शन) वापरा. एका आवर्तनात बाई साधारण १.२ मीटर पुढे जाते असं धरलं तर २१ आवर्तनांत फेर पुरा होतो, २१ गुणिले ३ म्हणजे ६३ सेकंद. १२० अंशांचे तीन टप्पे द्या, प्रत्येकी २१ सेकंद, लूप मोडमध्ये. एकदम ३६० अंश दिलेत तर काहीच हलणार नाही, कारण सुरुवात आणि शेवट एकच. १८० दिलेत तर कोणत्या बाजूने फिरायचं ते त्याचं तोच ठरवेल. वरून पाहिलं तर फेर घड्याळाच्या उलट्या दिशेने हवा, म्हणजे झेड अक्षाभोवती अधिक कोन. वस्तू फिजिकल नको, आणि फिजिक्स शेप मूळ प्रिमला कॉन्व्हेक्स हल, बाकीच्यांना "नन" (काहीच नाही). हे केलं नाही तर फंक्शन तक्रार करून थांबतं. बराच वेळ फिरलं की बारीक चुका साठून फेर एक-दोन अंश सरकतो, म्हणून गाणं बदलताना थांबवून मूळ कोनावर आणून पुन्हा सुरू करा.

आणि ज्या बायकांच्या फायरस्टॉर्म एओत "ओव्हरराइड सिट्स" चालू आहे त्यांनी ते बंद करावं किंवा त्याखालचा स्मार्ट पर्याय चालू ठेवावा. नाहीतर बाकी अकरा जणी गरबा खेळताहेत आणि बारावी फेरात पाय दुमडून, खुर्चीत बसल्यासारखी फिरतेय, असं दिसतं.

---

मांडवीची_मैना

रचना कळली, दादा. आज मूळ प्रिम लावते. एकच राहिलं: बारा जणींची स्टेप माझ्या स्क्रीनवर एकत्र दिसते, पण मैत्रिणीच्या स्क्रीनवर दोघी अर्धी मात्रा मागे. आणि गाणं पार्सलच्या (आमच्या जमिनीच्या) स्ट्रीमवर आहे, ते ठेक्याशी जुळत नाही.

---

अलकापुरीचा_ॲनिमेटर

स्टेप कधी सुरू झाली हे प्रत्येक व्ह्यूअर स्वतःच्या घड्याळाने धरतो. एखादीचा अवतार मैत्रिणीच्या मशीनवर उशिरा लोड झाला की तिथे ती उशिराच सुरू होते आणि लूप समान लांबीचा असल्याने तो फरक तसाच राहतो. सगळ्या आल्या, सगळ्यांचे अवतार पूर्ण दिसू लागले, की मूळ प्रिममधून "थांब" आणि एखाद्या सेकंदाने "सुरू" पाठवा. नवी बाई फेरात आली की पुन्हा एकदा. ॲनिमेशन पहिल्यांदा वाजताना डाउनलोड व्हावं लागतं, तो उशीरही याने निघून जातो.

स्ट्रीमचं मात्र जुळणार नाही, नाद सोडा. प्रत्येकीकडे बफर वेगळा, काही सेकंदांचा फरक पडतोच. ठेका वेगळा काढा: ढोल आणि टाळ्यांचे तुकडे ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो वेव्ह फाइल म्हणून अपलोड करा. एका तुकड्याची मर्यादा ३० सेकंद, पण तुम्ही २७ सेकंदांचा करा, म्हणजे बरोबर नऊ आवर्तनं. तो मूळ प्रिममध्ये ठेवून आधी प्रीलोड करा आणि "सुरू"च्या त्याच घटनेत लूप करून वाजवा. फाइलच्या सुरुवातीला शांततेचा तुकडा राहिलेला नाही ना, हे ऑडॅसिटीत वेव्ह मोठी करून बघा. एमपी३ मधून बदलून घेतलेल्या फाइलला तो बहुतेक वेळा असतो, आणि लूपच्या प्रत्येक फेरीला तेवढाच ठेका मागे पडतो. गायलेलं गाणं हवंच असेल तर ते स्ट्रीमवर, आवाज कमी करून, नुसतं वातावरणाला ठेवा.